तिसरा ब्रेक

"कातळ संपला का?" अण्णांनी मागून विचारलं.

संपला नव्हता. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचं उघडं पठार, म्हणजे सडा, पसरलं होतं. वाळकं गवत, मधूनच हापूसची कलमं आणि त्यांच्याभोवती चिरे रचून केलेले गडगे. रस्ता खडबडीत होता आणि हँडलमधून येणारा कंप कोपरापर्यंत पोचत होता. मी म्हणालो, अजून दोन किलोमीटर आहे.

"दोन म्हणजे दोन, का आपलं दोन?"

"एक पूर्णांक आठ."

"आता कसं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी जोर वाढवला. तो मला वळून बघावा लागला नाही. जोडसायकलवर पुढच्याचे आणि मागच्याचे पाय एकाच साखळीला बांधलेले असतात. एकाने जोर कमी केला, पाय नुसते फिरवले, दुसरीकडेच विचार करायला लागला, तरी दुसऱ्याला ते तळपायात कळतं.

ही अकरा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. भरमगोंडा पाटील, म्हणजे आमचे भरमूअण्णा, तेव्हा पन्नास वर्षांचे होते आणि कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांची नजर विशीत कमी होत गेली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पूर्ण गेली. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार होतो, वय छत्तीस. दर रविवारी सकाळी मी पुढे बसायचो, ते मागे. माझ्या आधी त्यांचे दोन पुढचे होऊन गेले होते. त्यांच्याविषयी अण्णांची एकच तक्रार होती. ते म्हणायचे, "समुद्र निळा हाय म्हणून सांगायचे. निळा मला म्हाईत हाय. किती लांब हाय ते सांगा की." मी लांबी सांगायचो, चढ किती टक्के ते सांगायचो. आमचं जमलं ते त्यामुळे.

आमच्या सायकल मंडळाची वर्षातली सगळ्यात अवघड फेरी होती ती. देवगडहून सकाळी सहाला निघायचं. आधी किनाऱ्याने कुणकेश्वर, मिठबाव. मग आत वळून सड्यावरून तळेरे, वैभववाडी. तिथून भुईबावड्याच्या घाटाने वर गगनबावडा. करूळच्या घाटाने खाली आणि परत देवगड. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास. वाटेत तीन ठिकाणी मंडळाचे लोक बसलेले असायचे, ते कार्डावर वेळ लिहून शिक्का मारायचे. संध्याकाळी साडेसातनंतर आलेल्याचं कार्ड जमा व्हायचं आणि फेरी मोजली जायची नाही.

अण्णांची ही तिसरी खेप होती. पहिल्या वर्षी घाटात त्यांच्या पुढच्याच्या पायात गोळे आले. दुसऱ्या वर्षी ते चाळीस मिनिटं उशिरा पोचले. या वर्षी त्यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि टेलिफोन ऑपरेटरने सांगून ठेवणं म्हणजे एकशे बारा एक्स्टेन्शनना कळणं. चेअरमनच्या केबिनपासून वजनकाट्यापर्यंत सगळे विचारत होते की, अण्णा, यंदा तरी का? अण्णा सांगत, यंदा मोजणीदार हाय पुढं, एक मिनिट इकडं-तिकडं व्हायचं न्हाई.

आमची सायकल कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वेल्डरने दोन फ्रेमा जोडून केलेली होती. पुढे माझ्या हाताशी नेहमीचे दोन ब्रेक. पण दोन माणसांचं वजन घेऊन घाट उतरायचा तर दोन ब्रेक पुरत नाहीत, रिमा तापतात. म्हणून त्याने मागच्या चाकाला जुन्या लुनाचा ड्रम ब्रेक बसवला होता आणि त्याचा खटका अण्णांच्या उजव्या हाताशी दिला होता. हा तिसरा ब्रेक. माझे दोन्ही हात गुंतलेले असायचे, म्हणून तो मागे. पण तो कधी दाबायचा ते ठरवायचं मी. मी "धर" म्हटलं की त्यांनी धरायचा, "सोड" म्हटलं की सोडायचा. वळणं, खड्डे, गतिरोधक, समोरून येणारी गाडी, सगळं पुढच्याने मोठ्याने सांगायचं. मागच्याने ऐकायचं. मंडळाचा हा नियम फार कडक होता आणि त्याला कारण होतं. ज्याला दिसत नाही त्याने वळणावर स्वतःच्या मनाने मागचं चाक आवळलं, तर सायकल घसरते.

माझ्याविषयी एवढं सांगायला हवं की त्याच्या चौदा महिने आधी माझी बायको अनुजा डेंग्यूने गेली होती. सोमवारी ताप आला, शुक्रवारी सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मी पंधराव्या दिवशी कामावर हजर झालो. एकही मोजणी चुकली नाही. स्वयंपाक शिकलो. लोक म्हणायचे, यशोधन सावरला. मंडळाच्या कुंदाताई बेर्ड्यांनी मला विचारलं, रविवारी काय करता? मी म्हणालो, काही नाही. तेव्हा त्यांनी मला अण्णांच्या पुढे बसवलं. सहा महिने झाले होते त्याला.

फेरीच्या दिवशी काही विशेष नव्हतं. वाढदिवस नव्हता, लग्नाची तारीख नव्हती. हे मी नंतर कॅलेंडर काढून पाहिलं होतं.

सकाळचा किनारा आम्ही चांगला काढला. तो रस्ता दिसायला सोपा, पण प्रत्येक खाडीला उतरतो आणि प्रत्येक टेकाडावर पुन्हा चढतो. मिठबावला बाटल्या भरायला थांबलो तर दुकानासमोर बसलेला एक म्हातारा सायकलकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मागलो बरो. नुसतो बसान जाता."

"पुढचा बी बसूनच हाय की," अण्णा म्हणाले. "फक्त त्याला दिसतंय."

म्हातारा हसला. त्याने आम्हाला दोन शहाळी दिली आणि पैसे घेतले नाहीत. सकाळचे साडेसात वाजले होते. मोहोराचा वास येत होता. अण्णांनी तसं म्हटलं, म्हणून मला कळलं.

सडा संपायच्या सुमाराला माझ्या दोन्ही करंगळ्यांना मुंग्या आल्या. हे सायकलवाल्यांना नेहमीचं आहे. मी हात बदलून धरले, बोटं झटकली, पुढे गेलो. तळेऱ्याला शिक्का, वैभववाडीला शिक्का. वैभववाडीहून आम्ही अकराला निघालो तेव्हा वेळेच्या पंचवीस मिनिटं पुढे होतो.

भुईबावड्याच्या घाटाविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे. ऊन वाढलं होतं आणि चढ सरळ अंगावर येत होता. जोडसायकल चढाला जड. दोन माणसं असली तरी दोन माणसांचा जोर कधी एका वेळी लागत नाही. अण्णा वळणं मोजत होते आणि प्रत्येक वळणाला मला विचारत होते की आपण किती मीटर वर आलो. मी सांगत होतो. अर्ध्या घाटात ते म्हणाले, "आज तुझं पाय नुसतं फिरतायत."

"म्हणजे?"

"पंख्यागत. फिरतायत, पण वजन न्हाई त्यांच्यात."

मी म्हणालो, दमलो असेन. ते म्हणाले, दमलेला पाय वेगळा लागतो. मग चढ वाढला आणि बोलणं थांबलं.

गगनबावड्याला पोचलो तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. तिथली शिक्क्याची चौकी एक वीसला बंद होणार होती. एका हॉटेलाबाहेर टेबल टाकून कुंदाताई बसल्या होत्या. त्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि साठ वर्षांच्या माणसालाही रांगेत उभं करू शकतील अशा. शेजारी त्यांची जीप उभी होती. चौकी बंद झाली की शेवटच्या स्वाराच्या मागे जीप घेऊन देवगडपर्यंत जायचं, हे त्यांचं काम. त्यांनी शिक्का मारला, वेळ लिहिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, हात का झटकताय?

"मुंग्या आल्या होत्या. सड्यावर."

"आता?"

"आता ठीक आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. करूळ उतरायच्या आधी त्या प्रत्येक जोडीला नियम ऐकवायच्या, आणि आम्हाला पाठ असले तरी पुन्हा ऐकवले. पुढच्याचे हात चालेनासे झाले, किंवा त्याने सांगणं थांबवलं, तर त्याला पुन्हा कधीही दृष्टिहीन माणसाच्या पुढे बसता येणार नाही. कायमचं. मागच्याने न सांगता ब्रेक धरला, तर फेरी तिथेच संपली आणि मंडळाच्या फेऱ्यांत एक वर्ष भाग घेता येणार नाही.

"वर्षभर घरात बसून काय करू ताई? बायको हाकलून देईल," अण्णा म्हणाले.

"म्हणून धरू नका," कुंदाताई म्हणाल्या.

अण्णांनी डबा उघडला. सूर्य मावळल्यावर ते खात नसत, म्हणून संध्याकाळचंही इथेच खाऊन घ्यायचं ठरलं होतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. मला भूक नव्हती. घड्याळात जेवायची वेळ झाली होती म्हणून मी एक भाकरी खाल्ली. अण्णांनी हिशेब केला: उतार, मग वैभववाडीपासून देवगड, अंधार पडायच्या आत बराचसा रस्ता. "सातला पोचतोय," ते म्हणाले. "अर्धा तास हातात. कारखान्यात पेढे कुणी वाटायचे ते बघावं लागंल."

एक बत्तीसला घाट सुरू झाला.

पहिलं वळण मी सांगितलं. डावं, धर. अण्णांनी धरला. सोड. सोडला. दुसरं: उजवं, धर, सोड. मग एक सरळ तुकडा आला, चारेकशे मीटरचा. उजव्या हाताला कठडा होता आणि त्याच्यापलीकडे खोल खाली वैभववाडीकडची करडी-हिरवी जमीन पांढुरक्या हवेत पसरलेली होती. समोरून गाडी नव्हती. हँडलवर छोटा मीटर होता, मी त्यावरचे आकडे बघत होतो. अडतीस. चव्वेचाळीस. एकोणपन्नास.

तिसरं वळण मी सांगितलं नाही.

सायकल वळली. मीच वळवली असणार. पुढचा उतार आधीपेक्षा जास्त होता. चौथं वळण मी सांगितलं नाही. वारा कानात इतका होता की मागून आलेला आवाज पहिल्यांदा लांबचा वाटला.

"यशा."

मीटरवर चोपन्न होते.

"यशा, धर म्हण."

मला त्यांचं ऐकू आलं होतं. ते मी आज खात्रीने सांगू शकतो. पाचवं वळण उजवीकडचं होतं आणि डाव्या बाजूला डोंगर.

"यशा."

मग त्यांनी धरला.

मागून जळका वास आला. सायकल आधी थरथरली, मग मागचं चाक जाम होऊन घसरायला लागलं. आम्ही डोंगराच्या बाजूच्या गटाराकडे ओढले गेलो, खडीवर आडवे झालो आणि काही अंतर तसेच गेलो. मग सगळं थांबलं. पुढचं चाक फिरत होतं. माझा गुडघा सोलला होता आणि खांद्याला मार होता, हे दिसत होतं. दुखत होतं का ते आठवत नाही.

अण्णा उठून बसले. त्यांनी हाताने चाचपत माझा बूट शोधला, मग पाय, मग खांदा. "लागलं का?"

मी म्हणालो, नाही.

"कुठल्या अंगाला हाय आपण? डोंगराच्या का दरीच्या?"

"डोंगराच्या."

"बरं," ते म्हणाले आणि तिथेच मांडी घालून बसले. त्यांचं कोपर फाटलं होतं. एक ट्रकवाला थांबला, त्याने पाण्याची बाटली दिली, हॉस्पिटल का म्हणून विचारलं. अण्णांनी नको सांगितलं.

पंधरा मिनिटांनी शेवटचा स्वार आमच्या शेजारून गेला आणि त्याच्यामागून जीप आली. कुंदाताई उतरल्या, आधी दोघांची हाडं तपासली, मग सायकल. मागची रिम वाकली होती. ड्रमला हात लावता येत नव्हता इतका तो तापलेला होता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, काय झालं?

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते आता नक्की सांगता येणार नाही. त्याआधीच अण्णा बोलले.

"मी धरला, ताई."

"यशोधनने धर म्हटलं होतं?"

"न्हाई."

"मग का धरलात?"

"घाबरलो," अण्णा म्हणाले.

बावीस वर्षं न बघता जगलेला माणूस. कोल्हापुरात भर बाजारात काठीशिवाय फिरायचा. तो घाबरलो म्हणाला, आणि कुंदाताईंनी काही वेळ त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग मला विचारलं, "असंच झालं?"

मी म्हणालो, हो.

त्यांनी आमच्या जोडीचं कार्ड मागून घेतलं, मागच्या बाजूला कारण लिहिलं, वेळ लिहिली: एक अठ्ठावन्न. अण्णांना एक वर्ष बंदी, असं म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. सायकल टपावर बांधली. त्या पुढे गाडी चालवायला बसल्या, आम्ही दोघं मागे.

जीप शेवटच्या स्वाराच्या मागे चालणार होती. म्हणजे पुढचे पाच तास पंधरा-वीसच्या वेगाने. जीप जुनी होती, पत्रा वाजत होता, पुढच्या खिडक्या उघड्या होत्या. मागचं बोलणं पुढे पोचत नव्हतं. वैभववाडी मागे पडलं. मग अण्णांनी उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. बोटं मिटलेली होती.

"एवढी सोडव. माझ्यानं उघडंना."

खटका इतका आवळला होता की बोटं तशीच राहिली होती. मी एकेक बोट धरून सरळ केलं. मधलं बोट सरळ होईना, तेव्हा त्यांनी दात आवळले पण हात काढून घेतला नाही.

मी म्हणालो, "अण्णा, मी ताईंना सांगतो."

"काय सांगणार?"

"माझे हात सुन्न झाले होते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर तळेऱ्याकडचा रस्ता होता, बांधावर काजूची झाडं. ते हळू आवाजात म्हणाले, "हात सुन्न झालं तरी तोंड चालतंय, यशा."

माझ्या हातांना काही झालेलं नव्हतं. मुंग्या गगनबावड्याला पोचायच्या आधीच गेल्या होत्या. बोटं दोन्ही ब्रेकवर होती. मी ती दाबली नाहीत. त्याआधी काही ठरवलं नव्हतं. त्या सरळ तुकड्यावर मला एवढंच कळलं की आता काही सांगायची गरज नाही, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. हे मी त्या दिवशी जीपमध्ये अण्णांना सांगितलं. याच क्रमाने सांगितलं.

मग अण्णा म्हणाले, "मी मागं होतो की रं."

"माहीत होतं."

"म्हाईत होतं आणि?"

"नुसतं माहीत होतं. सातबाऱ्यावर नाव असतं तसं."

अण्णांना राग आला होता. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता, तो त्यांनी बाजूला घेतला. घरी त्यांची बायको होती, तीन महिन्यांपूर्वी लग्न झालेली मुलगी होती. त्यांनी त्यातलं काही काढलं नाही.

सड्यावर जीप पुन्हा खडखडायला लागली तेव्हा ते बोलले. बोलले ते कारखान्याच्या फोनवर बोलायचे तसं, एकेक गोष्ट स्पष्ट. ताईंना सांगितलंस तर तुला कायमचं उतरवणार. बरोबर आहे, उतरवायलाच पाहिजे. पण मग रविवारी तू काय करणार ते मला कळत नाही. आणि जे मला कळत नाही त्याची मला भीती वाटते. म्हणून सांगायचं नाही.

"माझ्या जावयाच्या वळखीचा एक डॉक्टर हाय. मनाचा. बुधवारी जायचं, मी येतो संगं. आणि रोज दुपारी एक वाजता कारखान्यात फोन लावायचा. तो माझ्याकडंच येतोय."

"आणि काय बोलू?"

"आज किती गुंठं मोजलं ते सांग. दुसरं काय न्हाई सुचलं तर."

मी म्हणालो, अण्णा, तुमची फेरी. ते म्हणाले, फेरी पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी बंदी आहे, हे मी म्हणालो नाही. ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितले. ती फेरी भरमूअण्णांच्या नावावर कधी लागली नाही. मी बुधवारी त्यांच्याबरोबर गेलो. नंतर दोन वर्षं जात राहिलो. एक वाजताचा फोन ते निवृत्त होईपर्यंत चालला. जोडसायकलवर आम्ही रविवारी सपाट रस्त्याला जात राहिलो. पहिल्या रविवारी बसायच्या आधी त्यांनी तिसरा ब्रेक धरून सोडून पाहिला. तो कधी धरायचा, याविषयी आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

त्या संध्याकाळी देवगड आलं तेव्हा अंधार पडला होता. शेवटचा स्वार कमानीतून आत गेला, टाळ्या झाल्या, आणि त्याच्यामागे आमची जीप थांबली.

"किती वाजलं?" अण्णांनी विचारलं.

"सात दहा."

"म्हणजे वीस मिनिटं राखून आलो की."

मी त्यांना हाताला धरून उतरवलं. मंडपात तीसेक लोक होते, जेवणं चालली होती. कुंदाताईंनी टेबलावर कार्ड ठेवलं आणि नोंदवहीत लिहिलं. ते कुणीतरी वाचलं असणार, कारण पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं. लोक अण्णांशी नीट वागले. पाठीवर हात ठेवला, कोपर पुसून दिलं. पण वळून माझ्याशी जे बोलत होते ते वेगळं होतं. तुझं वाईट वाटतं. तुझी तयारी होती. मंडळाचा एक तरुण पोरगा, सतेज नावाचा, इतरांपेक्षा मोकळा होता. तो अण्णांना मोठ्याने म्हणाला, "अण्णा, तुमच्यामुळं कार्ड गेलं बघा यशोधनदादाचं. दरीत घेऊन गेला असता की त्यांना."

दोन-तीन जण हसले. मग कुणी हसेना. अण्णा खुर्चीवरून उठले. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो, पण मधे लोक बोलत होते आणि मी बराच वेळ गप्प होतो, त्यामुळे नक्की कुठे आहे ते त्यांना कळलं नसावं. मी होतो त्याच्या जरा उजवीकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. उजव्या हाताचं मधलं बोट अजून वाकलेलं होतं.

"यशोधन," ते म्हणाले. एरवी ते मला असं कधी म्हणत नसत. "माझ्यामुळं तुझं कार्ड गेलं. चुकलं माझं. माफ कर."

सगळे माझ्याकडे बघत होते. कुंदाताईही बघत होत्या.

"असू द्या, अण्णा," मी म्हणालो. "होतं असं."